तीन आठवडे उशिरा आलेला विद्यार्थी : नागपुरातील पहिल्या वर्षाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

रोशन (नाव बदलले आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही) गडचिरोली जिल्ह्याच्या वडसा तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा. घरी तीन एकर धानाची शेती, आई-बाबा दोघेही त्यातच राबणारे. थोरली बहीण डीएड करून ब्रह्मपुरीला एका खासगी शाळेत शिकवते. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले. अकरावी-बारावी विज्ञानाची पुस्तके इंग्रजी होती, तरी सर सगळे मराठीतून समजावून सांगत आणि व्याख्या तेवढ्या इंग्रजीत पाठ करून घेत. बारावीला गणितात ७८ गुण आणि सीईटीत बरे पर्सेंटाइल, त्यामुळे नागपूरला हिंगणा रस्त्यावरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. मात्र ती मिळाली प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत. या प्रकरणातले बरेच काही याच एका गोष्टीपाशी सुरू होते.

एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांना रुळवण्याचा, कार्यक्रम आखून दिला आहे. या महाविद्यालयात तो आठवडाभरात उरकला आणि लगेच पंधरा आठवड्यांचे सत्र सुरू झाले. रोशन वर्गात आला तेव्हा त्यातले तीन आठवडे गेले होते. प्रयोगांच्या बॅच पडलेल्या, बाकांवरच्या जागा ठरलेल्या, व्हॉट्सॲपवर मुलांचे गट झालेले. उशिरा आलेल्या नऊ जणांना हजेरीपटाच्या शेवटी टाकून त्यांचीच एक बॅच केली होती. हे सगळे एकमेकांनाही अनोळखी आणि वर्गालाही अनोळखी.

राहण्याची सोय लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवरच्या एका खोलीत झाली. तिघांत एक खोली, माणशी २,२०० रुपये. मेस दोन वेळची, महिना २,८०० रुपये, रविवारी संध्याकाळी बंद. बाबा दर महिन्याला ६,५०० रुपये पाठवायचे. खोली आणि मेस सोडून उरणाऱ्या दीड हजारात रिचार्ज, झेरॉक्स, जाणे-येणे आणि बाकीचे सगळे भागवायचे. त्यात ड्रॉइंगचे मिनी ड्राफ्टर, शीट, प्रयोगाच्या वह्या आणि वर्कशॉपचा एप्रन ही खरेदी पहिल्याच महिन्यात आली. तिच्यासाठी त्याने खोलीतल्या प्रणयकडून (हेही बदललेले नाव) १,४०० रुपये उसने घेतले आणि घरी सांगितले नाही.

अडचण कशी वाढत गेली

पहिले दोन आठवडे रोशन सगळ्या तासांना बसला. याची नोंद महत्त्वाची आहे, कारण पुढे 'मुलाला अभ्यासाची आवडच नाही' असा शेरा एका शिक्षकांनी मारला होता. गणिताचे सहाच्या सहा तास त्याने केले. फक्त त्यात काय चालले आहे ते त्याला कळत नव्हते. मॅट्रिक्सचा व्यस्त काढणे बारावीला झाले होते, वर्गात मात्र रँक काढून झाली होती आणि आता समीकरणांची संगती तपासणे चालू होते. मधली पायरी चुकली होती. शिकवणे सरळ इंग्रजीत, फळा पुसण्याचा वेग बारावीच्या दुप्पट.

वर्गातल्या मुलांची आपसातली भाषा हिंदी. नागपुरात हे नवे नाही. शहराच्या मध्यातल्या सीताबर्डीपासून हिंगण्यापर्यंत मराठी घरातली मुलेही मित्रांत हिंदीच बोलतात. रोशनची बोली झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातली. 'ण'चा 'न' होतो, 'पाणी'चे 'पानी'. प्रयोगशाळेत एकदा त्याने काही विचारले तेव्हा दोघांनी त्याचा उच्चार तसाच करून दाखवला. कुणी त्रास देण्याच्या हेतूने केले नव्हते, पण त्यानंतर त्याने वर्गात प्रश्न विचारणे बंद केले आणि अखेरपर्यंत ते पुरते सुरू झाले नाही.

ड्रॉइंगची गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. अभियांत्रिकी ड्रॉइंगची शीट्स एकावर एक रचलेली असतात. आधी बिंदूंचे प्रक्षेप, मग रेषा, मग प्रतले, मग घनाकृती. रोशनने पहिले शीट, म्हणजे बिंदू, दुसऱ्याच्या शीटवरून उतरवून घेतले. दुसरे स्वतः काढले आणि त्यात समोरून दिसणारी आकृती एक्सवाय रेषेच्या (दोन आकृत्यांमधल्या आडव्या रेषेच्या) खाली, तर वरून दिसणारी वर दाखवली. वरून दिसते ते वर, हा त्याचा तर्क अगदी साधा होता. वर्गात शिकवतात त्या फर्स्ट अँगल पद्धतीत नेमके उलटे असते. सरांनी अख्ख्या शीटवर लाल पेनने काट मारली आणि 'रीपीट' लिहिले. कुठे चुकले ते लिहिले नाही. शीट काढायला त्याला चार तास लागले होते. पुढच्या प्रॅक्टिकलला तो गेलाच नाही.

सहाव्या आठवड्यात पहिली चाचणी झाली. गणितात २० पैकी ३, भौतिकशास्त्रात ७. यादी सूचना फलकावर लागली. त्या रात्रीपासून झोपेचे गणित बिघडले. मोबाइलवर रात्रीचे अडीच-तीन, उठायला अकरा. पहिला तास पावणेदहाचा असल्याने तो बुडायचाच, आणि एकदा तो बुडाला की मधूनच वर्गात शिरायचे कसे, म्हणून पुढचेही. गणिताच्या हजेरीत हे स्पष्ट दिसते. सहाव्या आठवड्यात तीनपैकी दोन तास, सातव्यात एक, आठव्यात एक, नवव्यात शून्य.

घरी फोन रोज व्हायचा. बाबांचा प्रश्न ठरलेला, "अभ्यास करून राहिला ना?" उत्तरही ठरलेले, "हो, चालू आहे." फोन मिनिटभराचा.

खुणा कुणाकुणाकडे होत्या

नवव्या आठवड्याच्या अखेरीस रोशनबद्दल पुढच्या गोष्टी माहीत होत्या. कुणाला, ते पाहण्यासारखे आहे.

मेसवाल्या काकूंना ठाऊक होते की तो जेवत नाही. त्यांच्याकडे लांबट आकाराची एक वही होती. प्रत्येकाच्या नावासमोर दुपार आणि संध्याकाळ असे दोन रकाने, जेवला की टिक, आदल्या दिवशी सांगून गेला तर 'खा', म्हणजे खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून पोरे सांगायला विसरत नाहीत. रोशनच्या नावासमोर पंधरा दिवसांत संध्याकाळच्या अकरा टिका नव्हत्या आणि खाडा एकही नव्हता. पैसे भरलेले जेवण तो न सांगता सोडत होता. प्रणयला ठाऊक होते की तो अकरापर्यंत झोपतो आणि उसने पैसे परत करत नाही. हजेरी सॉफ्टवेअरमध्ये होती, पण ते महिन्यातून एकदाच उघडले जायचे. ताईला जाणवले होते की तो फोनवर बोलणे टाळतो. ड्रॉइंगच्या सरांना एवढेच दिसले की एक मुलगा शीट उतरवतो.

यातली कुठलीही एक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते. मुले उशिरा उठतातच, मेस टाळतातच, नापासही होतात. पाचही एकत्र ठेवल्या की चित्र वेगळे दिसते. पण त्या एकत्र आणण्याची व्यवस्था कुणाकडे नव्हती. काकूंनी महिन्याचे पैसे घेताना वर्गप्रतिनिधीला सहज विचारले, "तो वडशाचा पोरगा आजारी आहे का रे?" आणि त्याने ते रोशनच्या मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षिका, असलेल्या मॅडमच्या कानावर घातले. हा निव्वळ योगायोग होता.

पहिली भेट

मॅडमनी रोशनला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावले. स्टाफरूमऐवजी ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर बसवले, कारण स्टाफरूममध्ये ड्रॉइंगचे सर समोरच बसतात. पहिला प्रश्न हजेरीचा नव्हता. "काल काय काय जेवलास?" एवढेच विचारले. तो म्हणाला, दुपारी तर्री-पोहे. मग बराच वेळ काही बोलला नाही.

त्या भेटीत मॅडमनी एक प्रश्न सरळ विचारला, जो विचारायला बहुतेक शिक्षक कचरतात. "जगू नये, जीव द्यावा, असं कधी मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. उलट, ज्याच्या मनात तो आहे त्याला बोलायला वाट मिळते. रोशनचे उत्तर होते, "मरायचं नाही, पण घरी तोंड दाखवावंसं वाटत नाही." या उत्तरावर मॅडमनी स्वतःचा निष्कर्ष काढला नाही. महाविद्यालयाचे समुपदेशक मंगळवार आणि शुक्रवारी येत. तो दिवस गुरुवार होता. त्यांनी फोन करून दुसऱ्या दिवशीची पहिली वेळ घेतली आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रोशनच्या मोबाइलमध्ये तिथेच जतन करायला लावला. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, हा प्रश्न रात्री दोन वाजता सोडवता येत नाही.

समुपदेशकांच्या मते हे नव्या जागी जुळवून घेतानाचे ओझे होते. भूक आणि झोप दोन्ही बिघडून पंधरवडा उलटलेला असल्याने त्यांनी दर आठवड्याला भेट ठेवली, आणि तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार ओपीडीत न्यायचे हे आधीच ठरवून टाकले. तशी वेळ आली नाही.

हजेरीचा हिशोब

आता खरा पेच. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात ७५ टक्के हजेरी लागत होती. सॉफ्टवेअरमध्ये रोशनची गणिताची हजेरी २७ पैकी १०, म्हणजे ३७ टक्के दिसत होती. सत्रात एकूण ४५ तास. उरलेले १८ च्या १८ केले तरी ४५ पैकी २८, म्हणजे ६२ टक्के. या हिशोबाने गणिताच्या परीक्षेला बसणे अशक्यच होते, आणि रोशनने सातव्या आठवड्यातच हा हिशोब मनाशी करून हात टेकले होते. 'आता जाऊन काय उपयोग' हे त्याच्या तोंडचे वाक्य यातून आले होते.

मॅडमनी नियमावली उघडली. उशिराच्या फेरीतून आलेल्यांची हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून धरावी, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र नऊही जणांची प्रवेशाची तारीख भरलेली नव्हती, म्हणून ते सत्राच्या पहिल्या दिवसापासून मोजत होते. रोशन येण्याआधी झालेले गणिताचे ९ तास वजा केल्यावर चित्र असे झाले : झालेले १८, केलेले १०, म्हणजे ५५ टक्क्यांच्या थोडे वर. एकूण धरायचे तास ३६, त्याचे ७५ टक्के म्हणजे २७. हातात १०, अजून १७ हवे, उरलेले १८. म्हणजे पुढच्या सहा आठवड्यांत गणिताचा फक्त एक तास चुकवता येणार होता.

भौतिकशास्त्र आणि इतर विषयांत अजून तीन-चार तासांची सवड होती. ड्रॉइंगच्या प्रॅक्टिकलला सहापैकी चार वेळा तो गेला होता, तिथे प्रश्न शीटांचा होता. सहा हवी होती, वर्गाची चार झाली होती, त्याचे एक आणि अर्धे.

समोर असलेले पर्याय

चार वाटा होत्या आणि चारही मोकळेपणाने मांडल्या गेल्या. रोशनच्या मनात पहिलीच होती : सोडून गावी जायचे, पुढच्या वर्षी गोंडवाना विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात बीएस्सीला प्रवेश घ्यायचा. ही वाट चुकीची नव्हती. ज्या मुलाला अभियांत्रिकी खरोखरच नको आहे, त्याने सोडणेच बरे. पण ऑक्टोबरात त्या वर्षीचे प्रवेश संपलेले असतात, म्हणजे वर्ष जाणारच. मध्येच सोडले तर शिष्यवृत्ती अडकते आणि फीचा भार घरावर येतो. समुपदेशकांनी त्याला एकच विचारले, गणित कळत असते तर सोडले असतेस का? तो म्हणाला, नाही. त्यावर ठरले की सोडायचेच असेल तर सत्राचा निकाल लागल्यावर, जानेवारीत ठरवायचे. या घडीला नाही.

दुसरी वाट एका सीनियरने सुचवली होती. तीनशे रुपयांत तापाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळते, ते जोडले की हजेरीत सूट. रोशन आजारी नव्हता. मॅडमनी नकार दिला आणि कारण नीट सांगितले. खोटे प्रमाणपत्र पकडले गेले तर प्रकरण शिस्तभंगाचे होते. शिवाय खरे नियमच बाजूने आहेत, मग खोट्याची गरज काय? प्रवेशाच्या तारखेची दुरुस्ती हा त्याचा हक्क होता, कुणाची मेहेरबानी नव्हती.

तिसरी वाट, हे सत्र सोडून द्यायचे आणि दुसऱ्या सत्रापासून नीट सुरुवात करायची. कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात रिकामे दोन महिने खोलीत झोपून काढलेला मुलगा जानेवारीत वर्गात परत येईल, याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हते. शिवाय दुसऱ्या सत्राचे गणित पहिल्यावरच उभे असते.

चौथी वाट, चालू ठेवायचे, पण लक्ष्य लहान करून. पाचपैकी चार विषय सुटले पाहिजेत, गणित जमले तर जमले. एक विषय राहिला तरी वर्ष जात नाही, एटीकेटीत पुढे जाता येते. हेच निवडले गेले. एक विषय राहू शकतो, हे आधीच मोकळेपणाने मान्य करणे या निवडीचा मोठा भाग होता. त्या दिवसापर्यंत रोशनच्या डोक्यात 'सगळे सुटणे' किंवा 'सगळे संपणे' याखेरीज तिसरे काही नव्हते.

काय केले

सुरुवात झोपेपासून. झोपायची वेळ ठरवली नाही, उठायची ठरवली : सकाळी सात, रविवारीसुद्धा. झोप हुकमाने येत नाही, पण उठणे हुकमाने होते. चार-पाच दिवस रोज सातला उठले आणि दुपारी झोपले नाही की रात्री डोळे आपोआप मिटू लागतात. मोबाइल काढून घेतला नाही, चार्जर तेवढा उशापासून काढून दाराजवळच्या बटनावर लावला. गजर बंद करायला अंथरुणातून उठावेच लागते. पहिल्या आठवड्यात दोन दिवस फसले. तिसऱ्या आठवड्यापासून घडी बसली.

जेवणाचे काकूंनीच सोडवले. त्यांच्या मेसमध्ये चार पोळ्या आणि एक वाटी भात असा हिशोब. धानाच्या पट्ट्यातल्या मुलाला दोन्ही वेळ ताटभर भाताची सवय. पोळ्यांनी पोट भरते, पण जेवल्यासारखे वाटत नाही, हे त्याने पहिल्यांदाच बोलून दाखवले. काकूंनी दोन पोळ्या कमी करून भात वाढवला. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्या वेळेसाठी दुपारचाच डबा भरून न्यायचे ठरले.

अभ्यासात एक निर्णय कळीचा ठरला. रोशनला पहिल्या युनिटपासून सुरू करायचे होते. मॅडमनी उलटे सांगितले : आजचा तास आजच, मागचे फक्त रविवारी दोन तास. पहिल्यापासून सुरू केले की वर्गात चाललेले कळत नाही, ते उद्याचे मागचे होते, आणि खड्डा भरण्याऐवजी खोल होत जातो. त्या दिवशी वर्गात आंशिक विकलन (पार्शल डिफरन्सिएशन) सुरू झाले होते. ते नवेच प्रकरण होते आणि बारावीचे विकलन पक्के असले की पुरते. रोशनचे ते पक्के होते. सहा आठवड्यांनंतर प्रथमच त्याला फळ्यावरचे पुढचे पाऊल आधी सुचले. गणितातून दोन युनिटे नेमून घेतली, हे आणि मॅट्रिक्स. मॅट्रिक्समध्ये रँक काढताना प्रत्येक पायरी लिहिली, म्हणजे कोणत्या ओळीतून कितीपट वजा केली ते बाजूला टिपले, तर शेवटचे उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. ही सवय लावायला एक रविवार गेला.

ड्रॉइंगसाठी लागली दहा मिनिटे. मॅडमनी त्याच बॅचमधल्या भंडाऱ्याच्या एका मुलाला सोबत बसवले. त्याने वही काटकोनात उघडी धरली, एक पान उभे, एक आडवे, आणि कोपऱ्यात खोडरबर ठेवला. समोरून पाहिले की आकृती उभ्या पानावर पडते, वरून पाहिले की आडव्या पानावर. मग आडवे पान खाली पाडून उभ्याच्या सरळ रेषेत आणले. वरून दिसलेली आकृती आपोआप खाली गेली, आणि वहीची घडी तीच एक्सवाय रेषा. रोशन म्हणाला, "एवढंच होतं?" एवढेच होते. त्या आठवड्यात त्याने दुसरे शीट पुन्हा काढले आणि तिसरे पूर्ण केले. पुढे दोघे प्रयोगशाळेतही जोडीदार झाले. भंडाऱ्याच्या मुलाच्या बोलण्यातही 'पानी'च होते.

उसन्या पैशांचे १,४०० रुपये महिना ३५० प्रमाणे चार हप्त्यांत फेडायचे, असे प्रणयशी बोलून ठरले.

घरी सांगायचे की नाही

इथे मतभेद होते. विभागप्रमुखांचे म्हणणे, वडिलांना लगेच बोलवा. समुपदेशकांचे म्हणणे, मुलगा अठरा वर्षांचा आहे आणि जिवाला धोका दिसत नाही. तेव्हा त्याच्या पाठीमागून काही करू नये. रोशनचे म्हणणे, कुणालाच सांगू नका. शेवटी मधला मार्ग निघाला : तो स्वतः सांगेल, आधी ताईला, आणि त्या वेळी मॅडम शेजारी असतील. ताईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबांना मी सांगते, तू फक्त फोन उचल."

बाबा पुढच्या गुरुवारी स्वतःच आले. वडशाहून उमरेडमार्गे एसटीने चार तास, खांद्यावर दहा किलो तांदळाची थैली. ती त्यांनी थेट काकूंकडे दिली. मुलाला एवढेच म्हणाले, "नापास झाला तं होऊ दे, पन जेवन काहून सोडलं?" संध्याकाळच्या गाडीने परत गेले, कारण धान कापणीला आले होते. ज्या गोष्टीला रोशन सहा आठवडे भीत होता, ती एवढी होती. सगळ्याच घरी असे होत नाही, म्हणून आधी ताईला सांगण्याची पायरी आम्ही योग्य मानतो. घरात कोण ऐकून घेईल, हे मुलालाच ठाऊक असते.

मंडई

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक चालते. रोशनच्या गावची मंडई मंगळवारी होती, महाविद्यालय सोमवारीच सुरू झाले होते. गणिताचे तास सोमवार, बुधवार, शुक्रवार. गेला तर बुधवारचा तास बुडणार, आणि सवड होती एकाच तासाची.

तरी त्याला जाऊ दिले गेले. विभागातल्या काहींना ही परवानगी म्हणजे चूक वाटली. आमच्या मते ती बरोबर होती. ठरवून, हिशोब करून घेतलेली सुट्टी आणि झोपेत गेलेला तास यांत फरक आहे. एवढ्या दिवसांनी गावात ताठ मानेने जायचे होते त्याला. सोमवारचा तास करून तो दुपारच्या गाडीने गेला, मंगळवारी रात्र जागून नाटक पाहिले, बुधवारी दुपारी परतला आणि गुरुवारी सातला उठला. त्यानंतर गणिताचा एकही तास चुकला नाही. सत्राच्या शेवटी हजेरी ३६ पैकी २७, बरोबर ७५ टक्के.

निकाल

पाचपैकी चार विषय सुटले. ड्रॉइंगमध्ये सहाही शीट जमा झाली. गणित राहिले. अंतिम परीक्षेत ६० पैकी १९ मिळाले, २४ लागत होते. उत्तरपत्रिका पाहिली तेव्हा कारण उघड होते. आंशिक विकलन आणि मॅट्रिक्सचे प्रश्न जवळपास पूर्ण, पण पहिल्या युनिटचा सक्तीचा प्रश्न कोरा. ते युनिट तो येण्याआधीच्या तीन आठवड्यांत झाले होते आणि रविवारचे दोन तास तिथवर पोहोचले नाहीत. दुसऱ्या सत्रात सगळे विषय सुटले. मागचे गणित उन्हाळी परीक्षेत ३१ गुणांनी निघाले. जानेवारीत सोडण्याचा विषय त्याने स्वतःहून काढला नाही. समुपदेशकांच्या भेटी फेब्रुवारीपर्यंत, पंधरा दिवसांतून एकदा चालल्या.

काय वेगळे करता आले असते

प्रवेशाची तारीख. नऊ जणांच्या नऊ तारखा भरणे हे एका कारकुनाचे दहा मिनिटांचे काम होते. ते न झाल्याने नऊही मुलांना चुकीचे आकडे दिसत राहिले, आणि त्यातली दोघे नवव्या आठवड्याआधीच सोडून गेली. त्यांचा हिशोब कुणी पुन्हा करून पाहिला नाही. उशिरा आलेल्यांची यादी प्रवेशाच्या दिवशीच मेंटॉरकडे गेली पाहिजे आणि पहिल्या दहा दिवसांत प्रत्येकाशी पंधरा मिनिटे बोलणे झाले पाहिजे. उशिरा आलेल्यांचीच वेगळी बॅच करणे टाळावे. त्यांना आधीच्या बॅचमध्ये दोन-दोन करून विखुरले तर शेजारी मागचे सांगणारा कुणीतरी असतो.

उन्हाळी परीक्षेची वाट न पाहता पहिल्या युनिटसाठी चार-पाच जादा तास या नऊ जणांना मिळून घेता आले असते. सक्तीचा प्रश्न त्यावर येणार हे शिकवणाऱ्यांना माहीत होते. शीटवर काट मारताना 'एक्सवाय रेषा पाहा' एवढे तीन शब्द लिहिले असते, तरी एक मुलगा तीन आठवडे ड्रॉइंगपासून दूर राहिला नसता.

आणि एक चूक मॅडमच्या बाजूची, जी त्यांनी पुढे स्वतः मान्य केली. भेटीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी प्रणयला सांगून ठेवले होते : रोशन किती वाजता उठला, जेवला की नाही, ते मला रोज व्हॉट्सॲपवर कळव. हेतू चांगला होता, सगळ्या खुणा एका ठिकाणी आणण्याचा. पण रोशनला विचारले नव्हते. नोव्हेंबरात प्रणयचा मोबाइल त्याच्या हाती आला आणि त्याने स्वतःबद्दलचे चौदा निरोप वाचले. 'सर्व माहिती मेंटॉरकडे एकत्र येऊ दे' हे तत्त्व योग्य असले तरी ती कुणाकडून घ्यायची, हे त्या मुलाला विचारून ठरवायला हवे होते. त्याला विचारले असते तर त्याने बहुधा काकूंचे नाव घेतले असते, कारण त्या वहीत टिक करतात हे त्याला आधीच ठाऊक होते.

उसन्या पैशांचा शेवटचा हप्ता फेब्रुवारीत फिटला. त्याच महिन्यात रोशनने खोली बदलली आणि तो भंडाऱ्याच्या मुलासोबत राहायला गेला. प्रणय अजून त्याच वर्गात आहे. समोर आले की दोघे बोलतात, तेवढेच.